माळ्यावरची बादली खाली काढताना: गोव्यात घरच्या बिअरची पुन्हा सुरुवात

इंग्लंडात नोकरीला होतो तेव्हा घरी बिअर करायचा नाद लागला. तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, त्यामुळे शेजारीपाजारी दोन-तीन घरांत तरी बादली बुडबुडत असायचीच. फोंड्याला परत आलो तेव्हा सगळं सामान बरोबर आणलं आणि मुकाट माळ्यावर टाकलं. आठ वर्षं ते तिथेच होतं. खाली काढलं तेव्हा वाटलं, यात विसरण्यासारखं काय आहे? पहिला घाणा मोरीत ओतला.

त्याचं कारण शोधायला वेळ लागला, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. हाताला सगळं आठवत होतं, पण जे आठवत होतं ते अठरा अंशांच्या खोलीतलं होतं. इथे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा सव्वीसच्या खाली येत नाही. तेव्हा तुम्ही माझ्यासारखे परतणारे असाल किंवा अगदीच नवखे असाल, हा लेख गोव्याच्या उकाड्यात बिअर कशी करावी याबद्दल आहे. नवख्यांना एक फायदा आहे: त्यांच्याकडे मोडायच्या सवयी नाहीत.

आधी कचेरी, मग चूल

गोव्यात दारू स्वस्त म्हणजे दारूचे नियम सैल, असा पुष्कळांचा समज असतो. इथे मद्य तयार करायला परवाना लागतो, आणि हे १९६४ च्या अबकारी कायद्यापासून आहे. घरच्या पाच लिटरचं काय, हे तुमच्या तालुक्याच्या अबकारी कचेरीत जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी मागा. कट्ट्यावरचं 'चालतं हो, कोण बघतंय' हे उत्तर नव्हे. विकणं तर सोडाच, हॉटेलवाल्या मित्राला 'चवीपुरती' चार बाटल्या देण्याच्या भानगडीतही पडू नका.

उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायची मात्र गरज नाही. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) भिजवून, गाळून, हॉप्स (एका वेलीची कडू, वासाची फुलं) घालून उकळलेलं पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, ते यीस्ट पडेपर्यंत मद्य नसतं. ते जवाचं गोडसर कडू पाणी असतं. गार करून फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन दिवस पितासुद्धा येतं. खरं कसब निम्म्याहून जास्त तिथपर्यंतच आहे. मी या काळात यीस्टशिवाय तीन घाणे केले आणि तेवढ्यातच माझ्या जुन्या चुका वर आल्या.

आणखी एक, लगेच सांगतो. काजूची फेणी-हुर्राक भट्टीवर उतरवतात, म्हणजे उकळून त्याची वाफ गार करून दारू गोळा करतात, ती वेगळी विद्या आणि वेगळा धोका. घरी काहीही उतरवायला जाऊ नका. बिअर फक्त आंबवायची असते. 'विषारी होईल का' हा प्रश्न घरातून येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा: विषारी दारूच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्याची गोष्ट असते. जवाच्या बिअरमध्ये यीस्ट तसलं काही धोक्याच्या प्रमाणात तयार करत नाही. बिघडलेली बिअर आंबट लागते, घाण वास मारते. वर रंगीत बुरशी आली असेल तर चव न बघता ओतून टाका.

जुनं सामान: काय ठेवायचं, काय फेकायचं

प्लास्टिकची बादली उन्हात धरून आत बोट फिरवा. ओरखडे लागले तर ती पुढे तांदूळ ठेवायला. त्या बारीक चिरांत जंतू बसतात आणि कितीही घासलं तरी निघत नाहीत. रबरी नळ्या आणि झाकणाची रबरं बिनविचार नवी घ्या. आठ वर्षांपूर्वीचे हॉप्स उघडले तर जुन्या चीजसारखा वास येईल, ते फेका. यीस्टची मुदत संपलेली पाकिटंही फेका.

थर्मामीटर मात्र तपासून ठेवता येतो. बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर दाखवला की झालं. गोव्यात समुद्रसपाटीचा फायदा असा की इथे पाणी खरोखरच शंभराच्या आसपास उकळतं. पुण्यात हाच थर्मामीटर अठ्ठ्याण्णवला थांबेल आणि तुम्ही त्याला बिघडलेला समजाल.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्यापेक्षा किती जड आहे, त्यात साखर किती आहे, हे तरंगून दाखवणारी ती काचेची काडी, साध्या पाण्यात १.००० दाखवायला हवी. पण कुठल्या तापमानाला? बहुतेक हायड्रोमीटर वीस अंशांना जुळवलेले असतात. आपल्या नळाचं पाणीच तीसला असतं, त्यामुळे काडी साधारण ०.९९७ किंवा ०.९९८ वर बसते. मी माझी काडी खराब झाली म्हणून नवी मागवली होती. नवीनेही तेच दाखवलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. तीस अंशांना मोजत असाल तर आकड्यात ०.००३ मिळवा, बस.

पाण्याची रंगीत तालीम

हे कुणी सांगत नाही, पण मी सगळ्यांना सांगतो: पहिल्या दिवशी मॉल्टला हातही लावू नका. बारा लिटरच्या पातेल्यात आठ लिटर पाणी घ्या, घरच्याच गॅसवर तासभर खळखळ उकळा आणि किती उरलं ते मोजा. माझ्या शेगडीवर तासाला पावणेदोन लिटर उडतं. तुमच्याकडे दीड उडेल किंवा दोन. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. मग तेच पातेलं गार करून बघा आणि किती वेळ लागतो ते लिहा. इथेच गोवा आपला इंगा दाखवतो. नळाच्या पाण्याच्या टबात ठेवलेलं पातेलं पस्तीस अंशांपर्यंत बऱ्यापैकी उतरतं. तिथून खाली यायला बर्फ लागतो, आणि वीस अंशांना न्यायचं म्हणाल तर फ्रीजमधला सगळा बर्फ संपूनही पुरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पाण्याबद्दल थोडं. गोव्याची जमीन जांभ्याची, त्यामुळे पाणी बहुधा मऊ असतं आणि फिक्या रंगाच्या बिअरला ते चांगलंच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तेवढं घालवा, नाहीतर बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो. आदल्या रात्री पाणी उकळून उघडं ठेवलं तरी साधं क्लोरीन निघून जातं. विहिरीचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्नच नाही, पण पावसाळ्यात गढूळ आलं तर त्या दिवशी बिअर नको.

यीस्ट: सगळा निकाल इथेच

मॉल्ट चुकलं तर बिअर जरा पातळ होते, हॉप्स चुकले तर जरा कडू होते. यीस्ट आणि तापमान चुकलं तर ती पिण्यासारखीच राहत नाही. एल या नेहमीच्या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला अठरा ते बावीस अंश मानवतात. त्याला बत्तीस अंशांत सोडलं की ते घाईघाईने काम उरकतं आणि पिकलेल्या केळ्यांचा, कधी नेलपॉलिशचा वास मागे ठेवतं. माझ्या पहिल्या घाण्याला नेमका तोच वास होता. त्यात यीस्ट कामाला लागलं की आतलं तापमान खोलीपेक्षा आणखी एक-दोन अंशांनी चढतं, मोठ्या बादलीत त्याहून जास्त.

जुना पुस्तकी उपाय असा की बादली पाण्याच्या टबात ठेवा, ओलं फडकं गुंडाळा, पंखा लावा. पाणी उडेल आणि गारवा येईल. नागपूरच्या एप्रिलात हे झकास चालेल. गोव्यात जुलैत दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे फडक्यातलं पाणी कुठे उडणार? डिसेंबर-जानेवारीत रात्री वीसपर्यंत उतरतात तेव्हा पाण्याचा टब आणि दिवसाला बर्फाच्या दोन बाटल्या इतक्यावर नेहमीचं यीस्ट निभावतं. बाकी नऊ-दहा महिने एकतर जुना फ्रीज आणि त्याला तापमान नियंत्रक लावा, नाहीतर यीस्टच बदला.

मी यीस्ट बदललं. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे. आपल्याकडे दह्याचं विरजण जपतात तसं ते लोक हे यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून जपायचे आणि पुढच्या घाण्याला तेच कडं बुडवायचे. गंमत म्हणजे थंड देशातल्या या यीस्टला तीस ते चाळीस अंश आवडतात. वॉस या भागातला वाण आता कोरड्या पाकिटात मिळतो. पस्तीस अंशांनाही तो स्वच्छ आंबवतो आणि संत्र्याच्या सालीसारखा हलका वास देतो. म्हणजे वर्ट पस्तीसपर्यंतच गार केलं तरी पुरे. मघाचा बर्फाचा खटाटोप आठवा. तो सगळाच गेला.

सेझाँ या बेल्जियन बिअरचं यीस्टही उकाडा सोसतं, पण त्यातले काही वाण हळूहळू शेवटचा कण साखर खात राहतात. बाटल्या घाईने भरल्या तर त्या फुटतात. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

घाण्याचा दिवस

पाच लिटरचंच करा. वीस लिटरची हौस मला होती आणि ती मोरीत गेली. लागेल ते असं: भरडलेलं पेल (फिक्या रंगाचं) मॉल्ट सव्वा किलो, दहा टक्के अल्फाच्या (पाकिटावर लिहिलेलं कडवटपणाचं माप) आसपासचे हॉप्स दहा ग्रॅम, क्वाइकच्या पाकिटातलं तीन ग्रॅम यीस्ट, आणि पातेल्यात मावेल एवढी पातळ कापडी किंवा नायलॉनची पिशवी. मॉल्ट भरडूनच मागवा. घरच्या मिक्सरमध्ये पीठ होतं आणि मग पिशवी गळता गळत नाही. आलेलं मॉल्ट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. इथल्या पावसाळी हवेत उघडं राहिलेलं मॉल्ट आठवड्यात नरम पडतं आणि मग किडे होतात.

आठ लिटर पाणी सत्तर अंशांना आणा आणि गॅस बंद करा. पिशवी पातेल्यात पसरून मॉल्ट थोडं थोडं सोडत, गुठळ्या मोडत ढवळा. तापमान सहासष्ट-सदुसष्टवर येऊन थांबेल. झाकण ठेवून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळा आणि तासभर विसरा. या तासात मॉल्टमधल्या पिष्टाची साखर होते. पासष्टच्या खाली गेलात तर बिअर कोरडी होते, सत्तरच्या जवळ गेलात तर जडसर. पंच्याहत्तर ओलांडलंत तर साखर करणारे एन्झाइमच मरतात, म्हणून 'जरा जास्त गरम असू दे' हा आपला चहाचा बाणा इथे उपयोगाचा नाही. शंका असेल तर चमचाभर द्रव बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. काळंनिळं झालं तर पिष्ट उरलंय, आणखी पंधरा मिनिटं थांबा. तो चमचा परत पातेल्यात ओतू नका.

पिशवी उचला, चाळणीवर ठेवून दाबून पिळा. उरलेला चोथा त्याच दिवशी शेजारच्या गोठ्यात जाऊ द्या. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो. शेजारच्या काकी पहिल्यांदा कुंपणावरून विचारत होत्या, "कितें शिजयता रे?" आता घाण्याच्या दिवशी त्या आपणहून घमेलं पाठवतात.

आता तासभर उकळा. पहिली पाच मिनिटं पातेल्यासमोरून हलू नका, दुधासारखं फेसाळून वर येतं. फेस बसला की चार ग्रॅम हॉप्स टाका, हे कडवटपणासाठी. शेवटची दहा मिनिटं उरली की बाकीचे सहा ग्रॅम, वासासाठी. झाकण अर्धवटसुद्धा ठेवू नका, उकडलेल्या मक्यासारखा एक वास वाफेबरोबर निघून जायला हवा असतो. आणि घरात कुत्रा असेल तर नीट ऐका: हॉप्स कुत्र्यांना जीवघेणे ठरू शकतात. उरलेला हॉप्सचा गाळ अंगणात टाकू नका, झाकणाच्या डब्यात टाका.

इथून पुढे सोवळं

उकळी बंद झाली आणि पातेलं टबात गेलं की आमच्या आजीचे नियम लागू. वर्टला जे जे लागणार ते ते सोवळ्यात हवं: बादली, झाकण, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झाकणावरची पाण्याची नळी), चमचा, नळी, आणि नळीच्या टोकाला धरणारा तुमचा हातसुद्धा. घासणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हे नवखे लोक एकच समजतात. आधी वॉशिंग सोड्याच्या कोमट पाण्याने घासून खळखळून धुवा. मग फॉस्फोरिक आम्लाचं, नंतर धुवावं न लागणारं सॅनिटायझर सांगितलेल्या प्रमाणात लावून निथळू द्या. वासाचं फिनाइल, जंतुनाशक साबण यातलं काहीही नको. त्यांचा वास बिअर कधीच सोडत नाही.

काजूच्या दिवसांत, मार्च ते मे, बोंडूंच्या वासाने चिलटं घरभर असतात. एक चिलट वर्टमध्ये पडलं तरी व्हिनेगरचे जंतू बरोबर घेऊन येतं. त्या महिन्यांत खिडक्या लावून, पंखा बंद करूनच ओतायचं काम करा. घाम येतो, इलाज नाही. बादली ठेवाल त्या स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग एअरलॉकपर्यंत पोचलेली असेल.

पस्तीस अंशांना वर्ट बादलीत ओता, उंचावरून, फेस येईल असं. यीस्टला सुरुवातीला हवा लागते. हायड्रोमीटर बुडवून आकडा लिहा, १.०४८ च्या आसपास यायला हवा. यीस्ट वर भुरभुरवा, झाकण लावा, एअरलॉकमध्ये पाणी भरा. बादली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. वीज गेली तरी या यीस्टचं काही अडत नाही, पावसाळ्यात हा मोठाच दिलासा.

क्वाइक काही तासांतच बुडबुडू लागतं. नाही बुडबुडलं तर घाबरू नका, झाकणातून हवा निसटत असेल. झाकण उघडून बघायचा मोह आवरा. तीन-चार दिवसांत धामधूम संपते, तरी आठवडाभर तशीच ठेवा. मग आकडा मोजा, दोन दिवसांनी परत मोजा. दोन्ही सारखे, १.०१० च्या जवळपास असतील तरच बाटल्या भरायच्या. यीस्ट घालण्याआधीचा आकडा आणि हा शेवटचा आकडा यांच्यातल्या फरकाला १३१ ने गुणलं की मद्याची टक्केवारी येते. इथे साधारण पाच.

बाटल्या

हा भाग कंटाळवाणा आहे आणि अपघातही इथेच होतात. भंगारवाल्याकडे तपकिरी बाटल्या हव्या तितक्या मिळतात. हिरव्या-पांढऱ्या नकोत, उजेडाने हॉप्सचा वास बिघडतो. तोंडाला टवका गेलेली बाटली बाजूला काढा. साखर लिटरला सहा ग्रॅम. साडेचार लिटर हाती आली तर सत्तावीस ग्रॅम साखर, अर्धी वाटी पाण्यात उकळून, थंड करून. डोळ्यांच्या अंदाजाने नाही, काट्यावर. हा पाक दुसऱ्या स्वच्छ भांड्यात आधी ओता आणि त्यावर बिअर नळीने अलगद सोडा. आता फेस नको, हवा नको. बाटलीच्या तोंडाशी तीन बोटं जागा ठेवून झाकण लावा.

एक-दोन बाटल्या मात्र सोड्याच्या प्लास्टिकच्या भरा. रोज दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्यांतही गॅस तयार झाला, हे न उघडता कळतं. इथल्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. तोवर सगळ्या बाटल्या क्रेटमध्ये, वर ओलं नसलेलं पोतं टाकून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवा. प्लास्टिकची बाटली तळ फुगून डगमगू लागली तर काचेच्या बाटल्या हाताळताना चष्मा आणि जाड हातमोजे घाला, त्या लगेच फ्रीजमध्ये टाका आणि गार झाल्यावर एकेक उघडून गॅस सोडा.

पिण्याआधी बाटली दोन दिवस उभी फ्रीजमध्ये ठेवा. तळाला पांढुरका थर बसतो. एका दमात ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या.

एक राहिलं. बाटल्या भरून झाल्यावर बादलीच्या तळाशी जो दाट गाळ उरतो, ते तुमचं विरजण. उकळलेल्या बरणीत भरा, झाकण सैल लावा, फ्रीजमध्ये ठेवा. महिन्याभरात पुढचा घाणा घातला तर त्यातले दोन चमचे पुरतात, नवं पाकीट लागत नाही. बरणीवर तारीख लिहा आणि ठळक अक्षरांत हे काय आहे तेही लिहा. आमच्या घरी ती बरणी एका रविवारी आंबोळ्यांच्या पिठात गेली. आंबोळ्या फुगल्या छान, पण कडू लागत होत्या.